संगणक एक, लेकरं चाळीस : वर्गात कोडिंग कसं शिकवता?

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला शिकवतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग आलं, तेव्हापासून शिक्षकांच्या ग्रुपवर एकच विचारणा असते : संगणक कुठंयत? विचारणा रास्त आहे, पण माझ्या लेखी ती दुसऱ्या नंबरची. पहिल्या नंबरचा प्रश्न हा, की बटन दाबायच्या आधी लेकरू "आता काय होईल" हे स्वतःच्या तोंडानं सांगतं का? सांगत असेल तर एका संगणकावरही वर्ग रंगतो. सांगत नसेल तर लॅब कितीही मोठी असू द्या, लेकरं फळ्यावरचं बघून उतरवतात आणि आपण समजतो कोडिंग झालं.

इंग्लंडमधल्या संगणक-शिक्षणाच्या अभ्यासक स्यू सेंटन्स यांनी याच अंगानं 'प्रिम' नावाची पद्धत मांडलीय. आधी अंदाज बांधायचा, मग चालवून बघायचं, मग आतून तपासायचं, मग थोडं बदलायचं आणि सगळ्यात शेवटी स्वतःचं काहीतरी बनवायचं. आमच्याकडं पहिली पायरीच तासाचा मोठा भाग खाते. खाऊ द्यावी.

आम्ही काय करतो ते सांगतो, तुम्हीही भर घाला.

सुरुवात मैदानात. फक्कीनं चौकटी आखायच्या. एका चौकटीत विहीर, एकीत गोठा, मधे दोन-तीन ठिकाणी दप्तरं ठेवली की झाले दगड. एक लेकरू यंत्र होतं. बाकीच्यांच्या हातात पुठ्ठ्याची कार्डं : 'एक घर पुढं', 'डावीकडं वळ', 'उजवीकडं वळ', 'घागर उचल', 'घागर ठेव'. सगळी कार्डं आधी ओळीनं जमिनीवर मांडायची, आणि यंत्र एकदा चालू झालं की कुणी तोंड उघडायचं नाही. आणखी एक लेकरू तपासनीस. ते चालू असलेल्या कार्डावर बोट ठेवत पुढं सरकतं. घागर भलत्याच घरात गेली की बोट कुठल्या कार्डावर होतं ते बघायचं आणि तेवढंच बदलायचं.

इथं दोन गोष्टी हमखास होतात. 'उजवीकडं वळ' आलं की यंत्र झालेलं पोरगं वळतं आणि एक पाऊल टाकून मोकळं होतं. वळणं वेगळं, जाणं वेगळं, हे सांगून कळत नाही, घागर चुकली की कळतं. दुसरं, यंत्र आपल्याकडं तोंड करून उभं असलं की त्याचा उजवा हात आपल्या डावीकडं येतो. माझ्या वर्गातली एक मुलगी कार्ड ठेवायच्या आधी उठते, यंत्राच्या पाठीमागं जाऊन उभी राहते, तिथून आपला हात उचलून बघते आणि मगच कार्ड मांडते. सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेकरांसाठी केलेली लोगो ही प्रोग्रामिंगची भाषा १९६७ ची. तिच्यातल्या, हुकमाप्रमाणं चालणाऱ्या कासवामागं हाच विचार होता : लेकरानं कासवाच्या जागी स्वतःला उभं करून बघावं. या पोरीला ते कुणी शिकवलेलं नाही.

'पुढं, पुढं, पुढं, पुढं' अशी कार्डं मांडून लेकरं कंटाळली की मगच 'इतक्यांदा कर' हे कार्ड बाहेर काढायचं. गरज पडायच्या आधी दिलं तर त्याची किंमत कळत नाही.

त्यानंतर स्क्रॅच, म्हणजे पडद्यावर सूचनांचे ठोकळे जोडून प्रोग्राम बनवायचं सॉफ्टवेअर. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबनं २००७ मध्ये आणलं ते. त्यात त्रिकोणाचा तास माझा सगळ्यात आवडता. ठोकळे असे लावतो : तीनदा कर, १०० पावलं पुढं, ६० अंशात वळ. चालवायच्या आधी पाटीवर काढा, काय येईल? सगळा वर्ग त्रिकोण काढतो, कारण समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा हे पाठ असतं. चालवलं की पडद्यावर अर्धा षटकोन, एका बाजूनं उघडा. वर्गात जी कालवाकालव होते ती बघण्यासारखी असते. मग परत मैदानात जायचं, फक्कीनं काढलेल्या त्रिकोणाच्या कडेनं चालायचं आणि कोपऱ्यावर आपण खरंच किती वळलो ते बघायचं. आतला कोन ६०, पण चालणारा वळतो १२०. पुढच्या तासाला चौकोन, पंचकोन करताना '३६० भागिले बाजू' हे पोरंच सांगतात.

संगणक एकच असल्यामुळं एक चालक, एक वाटाड्या, बाकीचे पाटीवर अंदाज लिहिणारे. माउस चालकाच्या हातात, पण काय करायचं ते वाटाड्यानं सांगायचं. थोड्या वेळानं अदलाबदल. मी स्वतः माउसला हात लावत नाही, कितीही घाई असो.

सेन्सर वगैरे कुणी वापरायलंय का? खेड्यातल्या शाळेत ते कसं बसवलं, हे वाचायला आवडेल.

नव्यानं_रुजू

सर, वाचनखूण साठवली. हिंगोली जिल्ह्यात नुकतीच रुजू झालेय. आमच्याकडं दोन संगणक आहेत, दोन्हींवर विंडोज ७, इंटरनेट नाही. स्क्रॅच चालेल का? आणि एक अडचण. मिश्र गट केले की माउस आपोआप मुलांकडं जातो. मुली बाजूला बसून वहीत लिहितात, अक्षर छान असतं म्हणून.

गोदाकाठ

ताई, स्क्रॅच ३ च्या संगणकावर टाकायच्या आवृत्तीला विंडोज १० लागतं. जुन्या मशीनवर स्क्रॅच २ ची ऑफलाइन आवृत्ती चालते, तिच्यासोबत अ‍ॅडोबी एअर टाकावं लागतं. मशीन अगदीच मंद असेल तर १.४ टाका. दिसायला जुनाट आहे, पण त्रिकोणाला, चौकोनाला आणि गोष्टी हलवायला पुरेसं आहे. घरून पेनड्राइव्हवर घेऊन जा. एका आवृत्तीत केलेली फाइल तिच्यापेक्षा जुनीत उघडत नाही, म्हणून दोन्ही मशीनवर एकच टाका.

माउसचं म्हणाल तर 'आळीपाळीनं घ्या रे' म्हणून काहीच होत नाही. जागा ठरवून द्यायच्या. उजवी खुर्ची चालकाची, डावी वाटाड्याची, आणि घंटा झाली की खुर्च्या बदलायच्या. शिवाय सुरुवातीच्या तासांना मुलींचा गट मुलींचाच ठेवा. एकदा त्यांचा हात बसला की मिश्र गटात त्या माउस सोडत नाहीत.

जुना_फळा

मी लातूरचा, निवृत्त मुख्याध्यापक. लिहिलेलं मनापासून आहे हे दिसतं, म्हणून मीही मनापासूनच लिहितो. पाचवीतल्या लेकरांना दुसरीचा धडा सलग वाचता येत नाही, हातच्याची वजाबाकी जमत नाही, अशी परिस्थिती मी शेवटच्या वर्षापर्यंत पाहिली. शिक्षकाच्या डोक्यावर आधीच ऑनलाइन माहित्या, सर्वेक्षणं, पोषण आहाराच्या नोंदी. त्यात आता कोडिंग. शहरातल्या खासगी क्लासवाल्यांनी पालकांना घाबरवून हे खूळ वाढवलं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. गावातल्या लेकराचा एक तास वाचनातून काढून यात घालायचा असेल तर त्याचा हिशोब कुणीतरी द्यायला हवा.

शाळेत प्रयोगशाळा उभारायची केंद्र सरकारची अटल टिंकरिंग लॅबची योजना २०१६ ची. शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. काही शाळांत त्यातून फार चांगलं काम उभं राहिलं. पण मी एका शाळेत गेलो होतो, तिथं सगळं साहित्य काचेच्या कपाटात आणि कपाटाला कुलूप. लेकरं हात लावतील, मोडतील म्हणून. सामान आलं म्हणजे शिक्षण आलं असं होत नाही.

बालाघाटची_वाट

गुरुजी, तुमचा प्रश्न मी रोज स्वतःला विचारते, म्हणून उत्तर देण्याचं धाडस करते. आमची शाळा बीड जिल्ह्यात, धारूरच्या बाजूला. गावातली बरीच घरं ऊसतोडीला जातात. दिवाळीनंतर निम्मा वर्ग रिकामा होतो. काही लेकरं हंगामी वसतिगृहामुळं गावात थांबतात, बाकीची आई-बापाबरोबर कारखान्याच्या तळावर. उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात तेव्हा वाचन तर मागं पडलेलंच असतं, वर्गात बसायची सवयही मोडलेली असते.

अशा लेकरांसमोर धडा ठेवला तर ती मान खाली घालतात. कार्डं ठेवली तर उचलतात. कार्डावर दोनच शब्द असतात आणि ते चुकीचं वाचलं तर यंत्र झालेला मित्र भिंतीवर जाऊन धडकतो. त्यामुळं परत वाचतात. मी कोडिंगचा तास वाचनातून काढलेला नाही. माझ्यासाठी तो वाचनाचाच तास आहे. मराठीच्या वेळापत्रकात घेते आणि वहीत तशीच नोंद करते.

यामुळं माझं सगळं नियोजन उलटं आहे. जे एकमेकांवर अवलंबून आहे ते जून ते ऑक्टोबर या काळात. दिवाळीनंतर सुटे, एका दिवसात संपणारे उपक्रम. आणि जाणाऱ्या लेकरांच्या दप्तरात कार्डांचा एक संच. तळावर कोपीपुढं बहीण-भावंडांत खेळतात. काही संच हरवतात. हरवू देत, पुठ्ठ्याचेच तर आहेत.

एका पोराचं सांगते. सातवीत होता. परत आल्यावर स्क्रॅचमध्ये 'व्हेरिएबल', म्हणजे बदलता आकडा ठेवायचा नाव दिलेला डबा, शिकवत होते, खेळातले गुण मोजायचं उदाहरण घेऊन. त्याला गुणांत रस नव्हता. त्यानं व्हेरिएबलला नाव दिलं 'उचल'. म्हणजे मुकादमाकडून हंगामाच्या आधी घेतलेली रक्कम. मग 'विचार आणि थांब' हा ठोकळा लावून आज किती टन झाले ते विचारायचं, टनाच्या दरानं गुणायचं आणि उचलीतून वजा करायचं. हे 'उचल शून्याच्या खाली जाईपर्यंत' फिरत ठेवायचं. दर मला माहीत नव्हता, त्याला तोंडपाठ होता. पहिल्यांदा चालवलं तर उचल कमी होण्याऐवजी वाढत चालली, कारण वजाबाकीच्या जागी बेरजेचा ठोकळा लागला होता. त्यानं पडद्याकडं बघितलं आणि म्हणाला, "बाई, हे तर मुकादमाचं गणित झालं." मग स्वतःच सुधारलं. दुसऱ्या दिवशी वडलांना घेऊन आला. ते खुर्चीवर बसले नाहीत, मागं उभे राहिले आणि एकेका आठवड्याचे आकडे सांगत गेले. पोरगा टाकत गेला.

हातच्याची वजाबाकी त्याला त्या आठवड्यात आली, गुरुजी.

पैठणकर_लेक

ताई, तुमचा प्रतिसाद घरात सगळ्यांना वाचून दाखवला.

माझं माहेर पैठणचं, घरात माग होता. आता संभाजीनगरला एका शाळेत संगणक शिकवते. पैठणीच्या नक्षीवरून एक उपक्रम करते. पैठणीत नक्षी विणताना रंगारंगाच्या छोट्या कांड्या वेगवेगळ्या चालतात, आणि किती धाग्यांनंतर कुठला रंग हे मोजूनमापून ठरलेलं असतं. विणकर मोर विणतो तो ओळ-ओळ. संगणकाचा पडदाही चित्र असंच ओळीओळीनं दाखवतो.

लेकरांना चौकडीच्या वहीत काठाचं एक फूल किंवा छोटा मोर रंगवायला देते. मग तो फक्त आकड्यांत लिहायचा : ३ हिरवे, १ सोनेरी, ५ जांभळे, पुढची ओळ. जोडीदार पाठ करून बसतो आणि नुसतं ऐकून तेच चित्र काढतो. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या की कुठल्या ओळीत चूक झाली ते लगेच सापडतं. चित्राची फाइल छोटी करायची एक खरीखुरी पद्धत हीच आहे, हे नंतर सांगते. ज्या चित्रात एकाच रंगाचे सलग पट्टे जास्त, त्याची यादी आखूड. ज्यात दर चौकटीला रंग बदलतो त्याची यादी चित्रापेक्षा मोठी होते. हे लेकरांना हात दुखल्यावर समजतं.

मग तोच मोर स्क्रॅचमध्ये. स्क्रॅच ३ मध्ये खाली डाव्या कोपऱ्यातल्या बटनातून 'पेन' जोडून घ्यावं लागतं, त्यात चित्राचा ठसा उमटवणारा 'स्टॅम्प'चा ठोकळा मिळतो. पडदा ४८० रुंद आणि ३६० उंच, शून्य अगदी मधोमध. मोर ४० रुंदीचा असेल तर एका ओळीत बारा बसतात. सगळे वजा २४० पासून सुरुवात करतात आणि पहिला मोर अर्धा कापला जातो, कारण जागा मोजली जाते ती मोराच्या मध्यापासून. थोडी झटापट होते आणि कुणीतरी ओरडतं, "बाई, वजा २२०!" त्या दिवसापासून वजा संख्या म्हणजे काय, हे मला सांगावं लागत नाही. बारा मोरांची ओळ झाली की ती ओळच परत नऊ वेळा, वर सरकत. फेऱ्यात फेरा. पडदाभर १०८ मोर.

तांब्याची_तार

गोदाकाठ सर, सेन्सरचं विचारलंत म्हणून लिहितो. वाळूजला इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करतो, सुट्टीच्या दिवशी गावाकडच्या शाळेत जातो.

सुरुवात मायक्रोबिट या छोट्या संगणकी बोर्डानं करा असं म्हणेन. बीबीसीनं २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना वाटण्यासाठी आणलेला बोर्ड. तळहातापेक्षा लहान, वर २५ दिवे, दोन बटनं, हलवलेलं कळणारा सेन्सर, होकायंत्र, तापमान. २०२० च्या आवृत्तीत माइक आणि स्पीकरही आला. दोन बारीक पेन्सिल सेलवर चालतो, त्यामुळं लाईट असो-नसो. आर्डुइनो हा दुसरा बोर्ड स्वस्त पडतो, पण त्यात तारा ब्रेडबोर्डमध्ये (तारा खोचायच्या भोकांच्या पट्टीत) सैल बसल्या की लेकरू कोडमध्ये चूक शोधत बसतं. तो आठवीनंतर बरा.

बोर्ड नसेल तरी मेककोड (मायक्रोबिटचा प्रोग्राम बनवायची वेबसाइट) उघडलं की पडद्यावर खोटा बोर्ड दिसतो, तो हलवता येतो, बटनं दाबता येतात. ब्राउझरमध्ये एकदा नीट उघडलेलं असलं की नंतर इंटरनेटशिवायही चालतं. फक्त मोबाइल असेल तर पॉकेट कोड नावाचं ऑस्ट्रियातल्या ग्राझ तंत्रज्ञान विद्यापीठातून आलेलं अ‍ॅप बघा, स्क्रॅचसारखंच आहे.

आता मातीचा उपक्रम, जरा सविस्तर सांगतो. दोन खिळे, दोन क्लिपा, एक बोर्ड. खिळे मातीत बोटभर अंतरावर रोवायचे. एक बोर्डाच्या कडेवरच्या पिन १ ला (पिन म्हणजे तार जोडायची जागा), दुसरा पिन ० ला. माती ओली असेल तर वीज जास्त वाहते आणि पिन ० वरचा आकडा वाढतो. ० ते १०२३ मधे काहीतरी येतं. बरेच जण एक खिळा थेट ३ व्होल्टच्या पट्टीला लावून ठेवतात. तसं केलं की वीज सतत वाहते, ओल्या मातीत खिळा झपाट्यानं खराब होतो आणि आकडा रोज बदलत जातो. म्हणून पिन १ फक्त वाचायच्या वेळी चालू करायचा, क्षणभर थांबायचं, पिन ० वाचायचा, पिन १ बंद. चार ठोकळ्यांचं काम आहे, पण 'क्रम का महत्त्वाचा' हे यात फार छान दिसतं.

आकडा आला म्हणजे ओल कळली असं मात्र नाही. ६१० म्हणजे ओली की कोरडी? ते लेकरांनी ठरवायचं. उन्हात वाळवलेली माती डब्यात घ्यायची, मापानं थोडं थोडं पाणी घालत जायचं, दर वेळी आकडा लिहायचा आणि आलेख काढायचा. आपल्या काळ्या मातीत एक गंमत होते. ती वाळली की आकसते, भेगा पडतात, खिळ्याच्या भोवती फट तयार होते आणि आकडा एकदम कोसळतो. लेकरं म्हणतात सेन्सर बिघडला. मी म्हणतो, जवळ जाऊन बघा. खत टाकलेल्या मातीत पाण्याचं प्रमाण तेवढंच असूनही आकडा वेगळा येतो, कारण क्षारांमुळं वीज जास्त वाहते. म्हणून कापसाच्या वावरातला आकडा घरामागच्या वाफ्याला लावायचा नाही. पोरं घरची माती पिशवीत घालून आणतात. वर्गभर पिशव्या, प्रत्येकीवर नाव.

उन्हाळ्यात याच बोर्डानं पत्र्याच्या वर्गातलं, स्लॅबच्या वर्गातलं आणि लिंबाखालचं तापमान घ्या. बोर्ड स्वतः थोडा तापतो, त्यामुळं आकडा खऱ्यापेक्षा जरा चढा दिसतो. पण तीन जागांमधला फरक बघायला पुरतो. आमच्या गावच्या लेकरांनी तो तक्ता शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडला.

दुधनातीर

मी शिक्षक नाही, जालन्याकडचा शेतकरी, मुलगी सातवीत आहे. तांब्याची_तार दादांना एक विनंती. मोटर चालू-बंद करणारा प्रोजेक्ट लेकरांना चुकूनही देऊ नका. ओल मोजली की पुढची उडी तीच असते, माझ्या मुलीनंही विचारलं, "पप्पा, कोरडं झालं की मोटर आपोआप चालू करू का?" स्टार्टरच्या पेटीत काय असतं हे आम्हाला माहीत आहे. तिथं थ्री फेज आहे, ओला पाय आहे, रात्रपाळीची लाईट आहे.

पण शिकवायला तीच पेटी वापरा, लांबून. आमच्या भागात बहुतेक मोटारींना ऑटो असतो. लाईट आली की ऑटो थोडा वेळ थांबतो, मग मोटर चालू करतो. लाईट आली का? तिन्ही फेज आहेत का? असतील तरच पुढं. 'जर असं असेल तर तसं कर' हे यापेक्षा सोपं काय असणार? शेतकऱ्याच्या प्रत्येक लेकराला हे माहीत असतं. मी मुलीला विचारलं, ऑटो थांबतो कशाला? तिनं बराच विचार केला आणि म्हणाली, सगळ्या गावाच्या मोटारी एकदम सुरू झाल्या तर डीपीवर लोड येईल. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

तांब्याची_तार

दादा, शंभर टक्के सहमत. माझा नियम सांगतो : वर्गात बॅटरीच्या वर काही नाही. 'मोटर चालू' म्हणायचं असेल तर दिवा लावायचा. २३० व्होल्टला जोडायचा रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारं विजेचं बटन) मी शाळेत नेतच नाही. आणि तुमचं ऑटोचं उदाहरण पुढच्या वेळी वापरणार.

मांजराकाठ

लातूरकर असल्यामुळं पाण्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा मी शिक्षक नव्हतो, रांगेत होतो. पहिली गाडी दहा वाघिणींची, साधारण पाच लाख लिटर. आता जी पोरं वर्गात आहेत त्यांनी ती पाहिलेली नाही, फक्त घरी ऐकलंय.

माझा उपक्रम संगणकावर होतो, पण सुरू होतो गच्चीवर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हे लेकरांनी पाणी ओतून, मोजून बघायचं. मग टेपनं वर्गाचं छत मोजायचं. प्रोग्राम दोन गोष्टी विचारतो, छत किती आणि पाऊस किती, आणि उत्तर देतो लिटरमध्ये व घागरींमध्ये. ६० चौरस मीटरचं छत आणि २५ मिलिमीटर पाऊस म्हणजे १५०० लिटर, पंधरा लिटरच्या शंभर घागरी. त्यातलं आपण किती साठवतो? शून्य. पुढं 'जर' जोडायचा : २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला तर 'अतिवृष्टी' लिही. हा आकडा लेकरांना ठाऊक असतो, पीक नुकसानीच्या वेळी घरात त्याचीच चर्चा असते.

शेवटचा प्रश्न मी फळ्यावर लिहितो : रेल्वेनं आणलेलं पाच लाख लिटर पाणी किती जमिनीवर पडलेल्या पावसाएवढं? आधी अंदाज. कुणी शंभर एकर म्हणतं, कुणी अख्खं गाव. गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. ५०० मिलिमीटर पाऊस धरला तर उत्तर येतं दहा गुंठे. पोरं प्रोग्राममध्ये चूक आहे म्हणून परत परत तपासतात. चूक नसते.

जुना_फळा

बालाघाटच्या ताई, उचलीचा प्रसंग वाचला आणि मांजराकाठ यांचं दहा गुंठेही. पाण्याचा हिशोब मी कागदावर करून बघितला, बरोबर आहे. माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. तुमच्यासारखे शिक्षक जे करतात ते परिपत्रक काढून होणार नाही, आणि प्रशिक्षण म्हणून एक दिवस सभागृहात बसवून पीपीटी दाखवली तर नक्कीच होणार नाही. पण हे जर भाषेच्या आणि गणिताच्या तासातच, त्याच आशयावर होत असेल तर माझी हरकत उरत नाही. वेगळा विषय, वेगळं पुस्तक, वेगळी परीक्षा करू नका, एवढंच सांगणं. परीक्षा आली की लेकरं ठोकळ्यांचे रंग पाठ करतील.

गोदाकाठ

गुरुजी, परीक्षेबद्दल अगदी बरोबर. मी गुण देत नाही. वहीत तीन रकाने असतात : मला काय वाटलं, काय झालं, फरक का पडला. तिसरा रकाना वाचला की लेकरू कुठवर आलंय ते कळतं. चुकलेल्या अंदाजाला आमच्या वर्गात फार मान आहे.

नव्यानं_रुजू

सगळ्यांचे आभार. सोमवारपासून मैदानातलं यंत्र सुरू करतेय. पावसानं मैदान ओलं असलं तर वर्गात बसून काय घेऊ? संगणकाचा भरवसा नाही, दुपारी लाईट जाते.

पैठणकर_लेक

ताई, पत्त्यांची जादू घ्या. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या टिम बेल यांच्या गटानं 'सीएस अनप्लग्ड' नावाखाली असे बिनसंगणकाचे खेळ जमवलेत, त्यातलाच हा. एका बाजूला काळी, दुसऱ्या बाजूला पांढरी अशी पुठ्ठ्याची ३६ कार्डं करा. एका लेकराला पाच ओळी, पाच रकाने असे हवे तसे मांडायला सांगा. मग "थोडं अवघड करते" म्हणत तुम्ही स्वतः एक ओळ आणि एक रकाना वाढवा. आता तोंड फिरवा, कुणीतरी एकच कार्ड उलटं करू दे. तुम्ही वळून बघता आणि नेमकं तेच दाखवता.

नव्यानं_रुजू

ताई, कसं ओळखायचं ते तर सांगा!

पैठणकर_लेक

वाढवलेली कार्डं अशी ठेवायची की प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक रकान्यात काळ्यांची संख्या सम होईल. एक कार्ड उलटलं की त्याची ओळ विषम होते आणि त्याचा रकानाही. दोन्ही जिथं छेदतात तिथं चोर. पण हे सांगू नका. पुन्हा पुन्हा करून दाखवा, लेकरांना अंदाज बांधू द्या. बहुतेक सगळ्यांना आधी वाटतं, बाईंनी पाठ केलंय. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की बाई दर वेळी जास्तीची ओळ स्वतःच मांडतात.

आणि दोन कार्डं उलटली तर काय होईल, हा प्रश्न दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.

तांब्याची_तार

आठवीच्या वर्गाला याच्यापुढं आधार कार्ड दाखवा. बारा अंकांतला शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून काढलेला असतो. फॉर्म भरताना एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर संगणकाला तिथल्या तिथं कळतं. त्याचं गणित पत्त्यांपेक्षा अवघड आहे, पण कल्पना हीच. फक्त खरे नंबर फळ्यावर लिहू नका, वर्गात बनावट नंबर वापरा.

नव्यानं_रुजू

कळलं. पुठ्ठ्यासाठी गावातल्या किराणा दुकानात खोकी सांगून ठेवलीत. दोन कार्डांचं उत्तर लेकरांनी काय काढलं ते इथंच लिहीन.